गेटवे की अ‍ॅग्रिगेटर? ऑनलाइन दुकानांच्या वसुलीची पार्श्वभूमी

ऑनलाइन विक्री करणारे सर्रास म्हणतात, "आम्ही गेटवे घेतलाय." करार बहुतेक वेळा झालेला असतो तो अ‍ॅग्रिगेटरशी. घोळ नुसता शब्दाचा वाटतो, पण दुकानदाराचे पैसे किती सुरक्षित आहेत हे त्यावरच ठरते.

गेटवे ही तांत्रिक वाट. व्यवहाराचा तपशील बँकेपर्यंत न्यायचा, होकार-नकार परत आणायचा. पैशाला तिचा हात लागत नाही. अ‍ॅग्रिगेटर अनेक दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करतो, कमिशन कापतो आणि उरलेले पोचते करतो. बाजार समितीतला आडत्या डोळ्यांसमोर आणला की फरक लगेच कळतो. छोट्या विक्रेत्याला बँकेकडून थेट मर्चंट खाते, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारणारे खाते, मिळवणे जड जाई, म्हणून हा आडत्या गरजेचाच होता. पुढे एकेक कंपनी दोन्ही कामे करू लागली आणि दोन्हींना गेटवे हेच नाव चिकटले.

ग्राहकाच्या खात्यातून निघालेले पण दुकानदाराला न मिळालेले पैसे मधल्या दिवसांत कोणाचे? मध्यस्थाने ते थकवले किंवा तोच बुडाला, तर दोन्ही टोकांची माणसे अडकणार. नोव्हेंबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी नोडल खाते सक्तीचे केले. हे मधले पैसे ठेवायचे, बँकेचे अंतर्गत खाते. मध्यस्थाला ते स्वतः चालवता येत नसे. दुकानदाराला पैसे देण्याची मुदतही ठरली, जास्तीत जास्त 'टी अधिक ३', म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्याचे कळल्यापासून तीन दिवस. पण बंधन आले ते बँकेमार्फत. मध्यस्थाला स्वतःला परवाना लागत नव्हता, आणि ही फट दहा वर्षे तशीच राहिली.

१७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन्ही शब्द वेगळे केले. बँकेतर अ‍ॅग्रिगेटरला परवाना आणि एस्क्रो खाते (दुकानदारांचे पैसे वेगळे राखून ठेवणारे बँक खाते) आवश्यक झाले; गेटवे तांत्रिक सेवा पुरवणारे ठरले, त्यांच्यासाठी फक्त शिफारशी. बाजारपेठ चालवणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना अ‍ॅग्रिगेटरचे काम वेगळे काढायला लावले. वाद पेटला तो भांडवलावर. सप्टेंबर २०१९ च्या चर्चापत्रात नक्त मूल्याची (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेची) अट १०० कोटी रुपयांची होती. अंतिम सूचनांत ती अर्ज करताना १५ कोटी आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर २५ कोटी अशी उतरली. तरीही लहान कंपन्यांना हा उंबरा उंचच होता, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण लोकांचे पैसे हातात घेणाऱ्याने स्वतःचे काही पणाला लावले पाहिजे, हे तत्त्व मला योग्यच वाटते. घरगुती मसाले विकणाऱ्या बाईचे आठवड्याचे गल्ले अडकले, तर तिचा पुढचा कच्चा माल येत नाही.

बाकीचे बदल झपाट्याने आले. ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी ऑगस्ट २००९ पासूनच होती. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागचे शुल्क, घेणे बंद झाले, त्यामुळे मध्यस्थांच्या कमाईचा मोठा आधार गेला. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार आणि अ‍ॅग्रिगेटर यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी संकेतांक, आले.

सप्टेंबर २०२५ च्या एकत्रित निर्देशांनी समोरासमोरच्या विक्रीची वसुली करणारे अ‍ॅग्रिगेटरही याच चौकटीत आणले. गेटवे मात्र आजही परवान्याबाहेरच आहेत.