मधाने शिंका थांबतात?

‘रोज चमचाभर आपल्याच भागातला मध खा, परागकणांची अ‍ॅलर्जी जाईल.’ सल्ला जुना आणि ऐकायला पटणारा: थोडे थोडे पराग पोटात गेले की शरीराला सवय होते म्हणे. पण मधमाशी गोळा करते ते फुलांचे जड, चिकट पराग. शिंका आणतात ते मुख्यतः गवत, तण आणि काही झाडांचे, वाऱ्यावर उडणारे हलके पराग. मधात ते नगण्यच. सवय लावणारे उपचार खरोखर आहेत, पण त्यात मोजूनमापून मात्रा देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण ३ ते ५ वर्षं. मधाच्या चमच्यात कसलं आलंय मोजमाप! घसा खवखवत असेल तर मध जरूर घ्या, मीही घेते. १ वर्षाखालच्या बाळाला मात्र अजिबात नको, बोट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.