रिबन मायक्रोफोन (जुना) : आधुनिक स्टुडिओशी जोडणी

साधारणतः १९३० ते १९७० या काळात बनलेला रिबन मायक्रोफोन आजच्या प्रीअँपला (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) किंवा ऑडिओ इंटरफेसला (मायक्रोफोन संगणकाशी जोडणारे उपकरण) जोडण्याची पद्धत. या मायक्रोफोनात चुंबकीय ध्रुवांमधील फटीत सुमारे २ मायक्रोमीटर जाडीची, चुण्या पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सैल ताणलेली असते; आवाजाने ती हलली की तिच्यात विद्युत सिग्नल उपजतो.

शोधाचे श्रेय काही लेखक आरसीए या अमेरिकी कंपनीतील हॅरी ओल्सन यांना देतात. सीमेन्समधील वॉल्टर शॉट्की व एर्विन गेर्लाख यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत या तत्त्वावर काम केले होते. त्यामुळे तत्त्व त्यांचे आणि प्रसारणात टिकेल असे रूप ओल्सन यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पट्टीचा रोध ओहमच्या अंशाइतकाच असल्याने आत ट्रान्सफॉर्मर असतो. आरसीए ७७-डीएक्स या मायक्रोफोनात त्याचे टॅप (वेटोळ्यावरील जोडबिंदू) बदलून ३०, १५० किंवा २५० ओहम इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मिळतो. हे आकडे नाममात्र होत; खर्जात, पट्टीच्या अनुनादाजवळ, इम्पीडन्स बराच वाढतो. म्हणून प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्स कमी असेल तर खर्ज क्षीण होतो. इनपुट इम्पीडन्स मायक्रोफोनच्या निदान पाचपट असावा हा प्रचलित नियम जुन्या नगांना अपुरा पडतो. काही हजार ओहमचे इनपुट श्रेयस्कर. मंद आवाजासाठी ६० ते ७० डेसिबल स्वच्छ गेन (सिग्नलची वाढ) लागतो.

४८ व्होल्ट फँटम पॉवरने (प्रीअँपकडून सिग्नलच्याच तारांतून मायक्रोफोनला मिळणारी वीज) पट्टी तुटते का, यावर मतभेद आहेत. दोन्ही सिग्नल तारांवर सारखाच विद्युतदाब असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहत नाही व पट्टी सुरक्षित राहते, हे सैद्धांतिकदृष्ट्या खरे. पण केबलमधील एक तार शील्डला (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला) टेकली, तर दुसऱ्या तारेच्या ६.८ किलोओहम रोधकातून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह वेटोळ्यातून जातो. तो सुरू होताना बसणारा झटका ट्रान्सफॉर्मरमधून कितीतरी पट मोठा होऊन पट्टीपर्यंत पोहोचतो व ती ताणली जाते. पॅचबेवर (स्टुडिओतील जोडण्यांच्या फळीवर) प्लग सरकवतानाही क्षणभर अशीच स्थिती येते. त्यामुळे केबल आधी तपासावी आणि फँटम बंद करून, उरलेला दाब ओसरल्यावरच मायक्रोफोन जोडावा. फँटमवर चालणारा इनलाइन बूस्टर (केबलच्या मध्ये जोडायचे लहान अँप्लिफायर) गेन वाढवतो व तो दाब पुढे जाऊ देत नाही. मात्र तो मायक्रोफोन आणि फँटम यांच्या मध्येच हवा.

जुने कॅनन कनेक्टर बदलून एक्सएलआर (आजचे प्रचलित तीन पिनांचे कनेक्टर) बसवताना पोलॅरिटी (सिग्नलच्या धन-ऋण तारांचा क्रम) पडताळावी. मूळ नगात ती उलट असू शकते, आणि दुसरा मायक्रोफोन सोबत लावल्यावरच ते ध्यानात येते.