नाव एक, आजार दोन: मुलांच्या व्हीईपीमागची गोष्ट

तंतुकणिका म्हणजे पेशींत ऊर्जा तयार करणारे भाग (मायटोकॉन्ड्रिया). त्यांचा आजार असलेल्या मुलाची व्हीईपी, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याला मेंदूत उमटणारी विद्युत लाट मोजणारी तपासणी, एकटी वाचू नये. जोडीला ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची विद्युत तपासणी, हवीच. हा आग्रह कुठून आला हे समजायचं तर 'लेबर' या नावाचा गुंता आधी सोडवावा लागतो.

१८६९ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने जन्मापासूनच्या अंधत्वाचं वर्णन केलं. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, त्यांनीच आणखी एक आजार मांडला. त्यात चांगलं दिसणाऱ्या तरुणांची नजर काही आठवड्यांत जाते आणि घरात आणखी कुणाला तेच झालेलं असतं. दोन्हींना त्यांचंच नाव चिकटलं: पहिला 'लेबर कंजेनिटल अमॉरोसिस', दुसरा 'लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपॅथी'. पहिल्यात बिघाड डोळ्याच्या पडद्यात असतो, दोष बहुधा आईवडील दोघांकडून येतो आणि तंतुकणिकांच्या डीएनएशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्यात डोळ्याची नस सुकते आणि दोष जवळजवळ नेहमी आईकडून, तंतुकणिकांच्या डीएनएतून येतो. हा आजार लहान मुलांतही दिसतो. फाइलवर नुसतं 'लेबर' लिहिलं, तर मामा-मावश्यांची चौकशी करायची की नाही इथूनच गोंधळ सुरू होतो. उपचारही वेगळे आहेत. २०१५ मध्ये युरोपात नसेच्या आजारासाठी आयडेबेनोन या औषधाला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेत पडद्याच्या आजाराच्या एका प्रकारासाठी जनुकोपचाराला. त्यामुळे पूर्ण नाव लिहा, हे सांगणं म्हणजे शब्दांचा कीस पाडणं नव्हे.

व्हीईपी दोन्हींत बिघडते, कारण पडद्यातून संदेश निघालाच नाही तर मेंदूपर्यंत पोचणार काय? ईआरजी मात्र पहिल्यात जवळजवळ सपाट येते, दुसऱ्यात बहुतेक शाबूत. ती पडद्याची तपासणी असल्याने दोष कुठे आहे ते तिथेच कळतं.

१९७२ मध्ये लंडनमध्ये दाखवलं गेलं, की नसेला सूज आल्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींना मिळणारा प्रतिसाद उशिरा येतो. १९८८ मध्ये नसेच्या 'लेबर'मागचा तंतुकणिकांच्या डीएनएतला पहिला बदल सापडला, आणि तपासणीला रक्ताचा पुरावा जोडता आला. ली सिंड्रोम, कर्न्स-सेयर यांसारख्या तंतुकणिकांच्या इतर आजारांत मात्र पडदा आणि नस दोन्ही दुखावू शकतात. तिथे एकाच लाटेवर निदान ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

प्रत्यक्षात मूल आईच्या मांडीवर बसतं. डोक्याच्या मागे त्वचा घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवतात, आणि समोरच्या काळ्यापांढऱ्या चौकटी सेकंदाला दोनदा पालटत राहतात. मोठ्यांत १०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारी लाट नवजात बाळात २०० च्याही पुढे जाते, म्हणून वयानुसार मापं लागतात. गुंगीत चौकटी पाहणं शक्य नसतं, आणि काही भूलऔषधं या मुलांत जपूनच वापरावी लागतात. मग समोरच्या स्क्रीनवर मध्येच कार्टून दाखवायचं, खुळखुळा वाजवायचा, नजर ढळली की नोंदणी थांबवायची. म्हणून अहवालात लाटेच्या उंचीइतकीच महत्त्वाची नोंद असते ती मूल खरोखर किती वेळ समोर बघत होतं याची.