गोदेतला भोवरा आणि समुद्रातला भोवरा

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर गोदेतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला जातो. पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पूर किती ते ठरतं. तेव्हाच होळकर पुलाच्या खांबामागे नीट बघा. पाणी गरगरतं, मधे खळगा पडतो, निर्माल्याची फुलं त्यात ओढली जातात आणि काही क्षणांत सगळं विरतं.

हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून समुद्राचे उपग्रह-नकाशे वाचले की घोटाळा होतो. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, आपल्याच अरबी समुद्रात, 'ग्रेट व्हर्ल' नावाचा भोवरा उठतो. रुंदी काहीशे किलोमीटर, नाशिक-मुंबई अंतराहून जास्त. टिकतो काही महिने. आणि त्याच्या मधोमध खळगा नसतो, उंचवटा असतो! मग पाणी उतारावरून खाली का येत नाही? यायला बघतं, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सतत उजवीकडे वळत राहतं आणि शेवटी उताराला आडवं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने उंचवट्याभोवती फिरतं. पुलाखालच्या भोवऱ्यावर मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम जाणवण्याइतकाही नसतो. तो कुठे वळणार ते खांब ठरवतो.

मारुती पाण्याची उंची सांगतो, वेग नाही. या नकाशांमागचे उपग्रहही उंचीच मोजतात. प्रवाहाचा वेग त्या चढउतारावरून गणिताने काढतात. १९९२ चा टोपेक्स-पोसायडन काय किंवा २०१३ चा भारत-फ्रान्सचा सरल काय, दोघेही थेट खालची एक रेघ मोजत. दोन रेघांमधले लहान भोवरे निसटायचे. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह मात्र १० मीटर अंतरावरच्या दोन अँटेनांनी १२० किलोमीटर रुंद पट्टा टिपतो, मधली २० किलोमीटरची फट सोडून.

खरी जपून पावलं टाकायची ती इथे. समुद्रातला भोवरा जितका लहान, तितका तो गोदेतल्या भोवऱ्याच्या वळणावर जातो. त्याची स्वतःची गरगर पृथ्वीच्या वळवण्याशी बरोबरी करू लागते, म्हणून फक्त पृथ्वीचं वळवणं धरून उंचीवरून वेग काढायचं सोपं गणित चुकतं. शिवाय समुद्राच्या पोटातून, हलक्या-जड पाण्याच्या थरांच्या सीमेवरून जाणाऱ्या लाटाही पृष्ठभाग किंचित उचलतात. असा उंचवटा भोवरा समजला, तर नकाशावर नसलेला प्रवाह उमटतो. त्यात स्वॉटचं त्याच वाटेवर परतायचं चक्र २१ दिवसांचं, आणि छोटे भोवरे त्याआधीच विरलेले असू शकतात. म्हणून मला २०२३ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांच्या नोंदी मोलाच्या वाटतात: तेव्हा तो रोज त्याच वाटेवरून जात होता, आणि तोच उंचवटा दुसऱ्या दिवशी कुठे सरकला ते पाहता येतं.