सिव्ह-निवड (एज ऑफ एम्पायर्स २)

'एज ऑफ एम्पायर्स २' या रिअल-टाइम डावपेचांच्या खेळात आपल्या हाताच्या सवयीला आणि लक्ष देण्याच्या पद्धतीला जुळेल अशी संस्कृती निवडणे, याला सिव्ह-निवड म्हणतात. खेळाडूंच्या बोलीत संस्कृतीला 'सिव्ह' म्हणतात. १९९९ साली एन्सेम्बल स्टुडिओजने हा खेळ आणला तेव्हा १३ सिव्ह होत्या. २००० च्या 'द कॉन्करर्स' या विस्ताराने त्यात पाच भरल्या. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशननंतर हा आकडा चाळिशीच्या पुढे गेला आहे. इमारती आणि सैनिक बहुतांश सामाईक असतात. फरक पडतो तो बोनस, टेक ट्रीमधून (सैनिकांच्या आणि संशोधनांच्या तक्त्यातून) वगळलेली संशोधने, खास सैनिक आणि संघाला मिळणारा लाभ यांत.

नवा खेळाडू सहसा बोनसचा आकार बघतो. खरे तर बघायला हवे ते हे, की बोनस सामन्याच्या कोणत्या मिनिटाला हाती येतो आणि त्या मिनिटाला आपण काय करत असतो. गॉथ्स या सिव्हचे 'परफ्यूजन' हे संशोधन बराकींतून सैनिक निघण्याचा वेग दुप्पट करते, पण ते इम्पिरियल युगात, म्हणजे डार्क, फ्यूडल, कॅसल आणि इम्पिरियल या चार युगांपैकी शेवटच्या युगात मिळते. ज्याचे सामने पंचविसाव्या मिनिटाला कॅसल युगातच निकाली निघतात, त्याच्यासाठी हा बोनस जवळजवळ नसल्यासारखाच.

स्वतःची तपासणी

निवडीआधी आपल्या पाच-सहा सामन्यांची रेकॉर्डिंग पाहावीत. पहिला आकडा बघायचा तो टाउन सेंटर, म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, रिकामे राहिल्याचा. नेहमीच्या सुरुवातीला तीन गावकरी आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) असतो, अन्न २००, लाकूड २००, सोने १०० आणि दगड २००. गावकऱ्याला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. '२२ पॉप'ला, म्हणजे २१ गावकरी आणि एक स्काउट झाल्यावर, फ्यूडल युगात जाण्याचे बटण दाबायचे ठरवले तर १८ गावकऱ्यांचे ४५० सेकंद आणि लूम या संशोधनाचे २५ मिळून घड्याळ ७:५५ दाखवायला हवे. ते १०:०० दाखवत असेल तर टाउन सेंटर दोन मिनिटे बसून होते, म्हणजे पाच गावकरी कमी पडले. एवढी तूट कोणत्याही सिव्हचा बोनस भरून काढत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लढाई चालू असताना स्क्रीन कुठे असते. काहींची नजर सैन्यावरून हलत नाही आणि मागे लाकूड साचत राहते. काही जण शेतांकडे वळतात आणि परत येईपर्यंत सैन्य संपलेले असते. दोन्ही सवयी सुधारता येतात, पण त्याला महिने लागतात. तोवर सिव्ह सवयीच्या बाजूने असलेली बरी.

ब्रिटन्स की फ्रँक्स

सवयींचा हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो या जोडीत. ब्रिटन्सच्या पायदळी धनुर्धरांना कॅसल युगात एक आणि इम्पिरियलमध्ये आणखी एक पल्ला जास्त मिळतो. फ्लेचिंग आणि बॉडकिन अ‍ॅरो ही संशोधने झाल्यावर इतरांच्या क्रॉसबोमनचा (कॅसल युगातल्या धनुर्धराचा) पल्ला ७ होतो, ब्रिटन्सचा ८. मँगोनेलचा, म्हणजे दगडफेक्या यंत्राचा, पल्ला ७. म्हणजे ब्रिटन्सचा क्रॉसबोमन मँगोनेलला तिच्या टप्प्यात न शिरता टिपू शकतो. पण क्रॉसबोमनची ताकद (हिट पॉइंट्स) ३५ आणि मँगोनेलच्या दगडाचा मार ४० आहे. नजर दोन सेकंद शेतांवर गेली आणि मँगोनेल पुढे सरकली, तर दाटीने उभा असलेला सगळा घोळका एका दगडात जातो. हा बोनस सैन्यावरून नजर न हलवणाऱ्याच्या कामाचा आहे.

फ्रँक्सचे नाइट, म्हणजे जड घोडेस्वार, हे सहन करतात. त्यांच्या घोडदळाची ताकद २० टक्के जास्त असल्याने नाइट १०० ऐवजी १२० चा होतो. नाइटच्या चिलखतामुळे तोच दगड त्याला चारदा लागावा लागतो, आणि मधल्या वेळात घोडा मँगोनेलपर्यंत पोचलेला असतो. नाइट शत्रूच्या लाकूडतोड्यांवर सोडून मागे शेते लावायला जाता येते. शेतीची संशोधनेही फ्रँक्सना फुकट मिळतात, म्हणून घरची बाजू कमी लक्षात निभावते.

इथे टेक ट्री वाचण्याचे महत्त्व कळते. फ्रँक्सकडे घोडदळाची ताकद वाढवणारे 'ब्लडलाइन्स' हे संशोधन नाही. इतर सिव्ह १५० अन्न आणि १०० सोने खर्चून ते घेतात आणि त्यांचा नाइटही बरोबर १२० चा होतो. म्हणजे कॅसल युगात फ्रँक्सचा नाइट जास्त दणकट नसतो, तो त्याच ताकदीला लवकर आणि फुकट पोचतो. फायदा दवडायचा नसेल तर कॅसल युगात शिरताच दोन तबेल्यांतून नाइट निघाले पाहिजेत. फ्यूडलमध्ये तर उलटेच आहे: फ्रँक्सचा स्काउट ५४ चा राहतो, ब्लडलाइन्स घेतलेल्याचा ६५ चा. पॅलाडिनला, म्हणजे नाइटच्या शेवटच्या बढतीला, मात्र फ्रँक्स १९२ वर जातात, इतर १८० वर थांबतात. आणि समोरच्याने पाइकमन, म्हणजे घोडदळावर भारी पडणारे भालाईत, काढले की नाइटवर अडून राहणारा हरतो. नाइटला ६० अन्न आणि ७५ सोने लागते, पाइकमनला ३५ अन्न आणि २५ लाकूड, सोने मुळीच नाही.

सुरुवातीचे बोनस आणि त्यांची किंमत

चिनी सिव्ह सहा गावकऱ्यांनी सुरू होते, पण अन्न शून्य आणि लाकूड १५०. तीन जादा गावकरी म्हणजे टाउन सेंटरची ७५ सेकंदे वाचली. मात्र ५० अन्न जमेपर्यंत पुढचा गावकरी रांगेत लावता येत नाही. मेंढ्या टाउन सेंटरखाली आणून लगेच कापायला घेणे, गावकऱ्यांच्या हातातले अन्न वेळेवर जमा करणे यात दर २५ सेकंदांच्या उशिराला एका गावकऱ्याचा फायदा निघून जातो. सुरुवात पाठ असलेल्यांच्या हातात ही सिव्ह फार जबरदस्त आहे. नवख्याला तीच सर्वसाधारण सिव्हपेक्षा मागे टाकते.

हूण्सना लोकसंख्या वाढवायला घरे लागत नाहीत, बदल्यात सुरुवातीचे लाकूड १०० ने कमी. २०० लोकसंख्येला इतरांना जास्तीत जास्त ३९ घरे लागतात: ९७५ लाकूड, आणि घरामागे २५ सेकंद धरले तर एका गावकऱ्याची सोळा मिनिटे. 'घर बांधायचे राहिले' हा ज्याचा नेहमीचा दोष, त्याने ही सिव्ह घ्यावी. वरचेवर उत्पादन अडकण्याचे मोठे कारणच निघून जाते.

ज्याला समोरच्याचे सैन्य पाहून आपले ठरवायला आवडते, त्याच्यासाठी बायझंटाइन्स आहेत. भालाईत, स्कर्मिशर (धनुर्धरांविरुद्धचे भालाफेके) आणि उंट त्यांना २५ टक्के स्वस्त पडतात. त्यासाठी स्काउट सतत फिरता हवा, नाहीतर स्वस्त पण चुकीचे सैन्य हाती राहते.

जिव्हाळ्याने केलेली निवड

एप्रिल २०२२ च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' या विस्ताराने जुन्या 'इंडियन्स'ऐवजी हिंदुस्तानी, द्रविडियन्स, बंगाली आणि गुर्जर अशी मांडणी केली. मराठी खेळाडूचा हात आपुलकीने इकडे वळतो, आणि वळावाही. पण या चारही सिव्हमध्ये नाइट नाही. नाइटवर वाढलेल्या खेळाडूने हिंदुस्तानी किंवा गुर्जर घेऊन उंट शिकावेत. द्रविडियन्सचे बळ पायदळ आणि स्कर्मिशरमध्ये आहे, घोडदळ फारच तोकडे.

नकाशा आणि जागा

अरेबियासारख्या उघड्या नकाशावर लवकर मिळणारे बोनस मोलाचे. अरेना या नकाशावर दगडी तटबंदी आयती मिळते, म्हणून उशिराचे बोनस तिथे वसूल होतात. चार-चारच्या सामन्यात कडेचे खेळाडू सहसा धनुर्धरांच्या सिव्ह घेतात, आतले घोडदळाच्या. घोडदळाला आतल्या जागेत वाढायला निवांत वेळ मिळतो.

निवडलेली सिव्ह निदान दहा सामने बदलू नये. दोन पराभवांनंतर ती बदलणे ही सर्वांत नेहमीची चूक: दोष सुरुवातीच्या बांधणीत होता की सिव्हमध्ये, हे त्यातून कधीच कळत नाही. शिवाय पॅचमध्ये बोनसचे आकडे बदलत राहतात, तेव्हा जुन्या आठवणीवर न विसंबता खेळातलाच टेक ट्री उघडून पाहावा.