गाईल निवडला, पण हात रियूचेच

स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेममधला गाईल हा अमेरिकन सैनिक निम्मा सामना बसून काढतो. भित्रा आहे म्हणून नव्हे. त्याचा सोनिक बूम, म्हणजे लांबून फेकायचा मारा, सोडायचा तर स्टिक आधी थोडा वेळ मागे दाबून धरावी लागते, मग झटक्यात पुढे आणि सोबत पंच. उडी मारून येणाऱ्याला पाडणाऱ्या फ्लॅश किकसाठी खाली दाबून धरायचं, मग वर आणि किक. या दाबून धरण्याला चार्ज म्हणतात, आणि खाली-मागे असं तिरकं धरलं की दोन्ही मूव्हचा चार्ज एकदम तयार होतो. शिवाय ब्लॉकही होतो, कारण या खेळात समोरच्यापासून लांबच्या दिशेला स्टिक दाबणं म्हणजेच ब्लॉक. एक पाऊल पुढे टाकलं, की मागचा चार्ज गेला.

त्याच खेळातल्या रियू या फायटरचा कारभार वेगळा. हादोकेन या लांबून फेकायच्या गोळ्यासाठी खाली, तिरकं पुढे, पुढे आणि पंच. शोर्युकेन या वर उसळणाऱ्या ठोशासाठी पुढे, खाली, तिरकं पुढे आणि पंच. आधी काही साठवून ठेवायला नको. चालता चालता, मनात येईल तेव्हा.

1991 मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा स्ट्रीट फायटर 2 आला तेव्हापासून हे दोघे आमनेसामने आहेत. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येही ते पोचले. तिथे खिशातलं नाणं नव्या फायटरवर उडवायची हिंमत फार थोड्यांत होती, त्यामुळे रियू किंवा त्याच्यासारख्याच मूव्ह असलेला केन धरला की धरला. आता घरी बसून हवा तो फायटर घ्यावा, हवा तितका सराव करावा, कोणी विचारत नाही. तरीही वर्षानुवर्षं रियू खेळलेला माणूस गाईल घेतो तेव्हा ठरलेली गोष्ट घडते. मूव्हची यादी पहिल्याच संध्याकाळी पाठ होते आणि पुढचे कित्येक दिवस, ज्यांना तो सहज हरवायचा तेच त्याला बदडून काढतात.

यादी पाठ असूनही तो हरतो, ते नव्या मूव्ह येत नाहीत म्हणून नाही. जुन्या फार चांगल्या येतात म्हणून.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी माणूस प्रत्येक कृती विचार करून करतो. मग कृती एकमेकींना जोडल्या जातात, चुका कमी होतात. शेवटी सगळं आपोआप व्हायला लागतं आणि लक्ष दुसरीकडे द्यायला मोकळं होतं. रियूचा जुना खेळाडू या तिसऱ्या टप्प्यात असतो. त्याला ‘पुढे, खाली, तिरकं पुढे, पंच’ अशा चार गोष्टी आठवाव्या लागत नाहीत, एकच आठवते: शोर्युकेन. खरं तर तीही आठवावी लागत नाही. समोरचा उडी मारून अंगावर येतोय एवढं डोळ्यांना दिसलं, की बोटं निघालेली असतात.

गाईल हातात असताना नेमकी हीच बोटं घात करतात. समोरच्याची उडी तीच, तिचा कोन तोच, वेळही तीच. डोळ्यांकडून आलेला इशारा जुना, म्हणून उत्तरही जुनंच निघतं. स्टिक पुढे गेली, धरून ठेवलेला चार्ज मोडला, फ्लॅश किक निघालीच नाही. शोर्युकेन तर गाईलकडे नाहीच. फार तर बसल्या बसल्या एक साधा ठोसा बसतो आणि वरून लाथ खावी लागते.

मग विचार करून खेळावं, तर तेवढा वेळच नसतो. हे खेळ सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 60 चित्रं, या गतीने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. एखादी ठरावीक गोष्ट दिसताच ठरलेलं एकच बटण दाबायचं असेल, तरी माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. झटपट मारलेला हलका पंच चौथ्या फ्रेमला लागू शकतो. तो ‘बघून’ अडवणं कोणालाच शक्य नाही, आधीच ब्लॉक धरून बसावं लागतं. उलट स्ट्रीट फायटर 6 मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जबरदस्त फटका लागायला 26 फ्रेम घेतो, सुमारे 430 मिलिसेकंद. हिशेबाने तो दिसल्यावर उत्तर द्यायला भरपूर वेळ आहे. ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे खेळातल्याच सरावाच्या जागेत, जवळजवळ सगळ्यांना जमतं. सामन्यात जमत नाही, कारण तिथे एकाच गोष्टीची वाट पाहायची नसते. ब्रिटिश संशोधक विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवलं, की पर्याय वाढतात तसा प्रतिसादाचा वेळ वाढत जातो. पर्याय दुप्पट झाले की दर वेळी साधारण सारखीच भर पडते. उडी येईल, समोरचा पकडून फेकेल, लांबून लाथ येईल, की ड्राइव्ह इम्पॅक्ट? या विचारातच 26 फ्रेम संपतात.

घाईच्या वेळी मेंदूत नेमकं काय होतं, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छान दिसलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संशोधक रॉबर्ट हार्डविक, एड्रियन हेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पडद्यावरच्या चिन्हांसाठी ठरावीक बटणं दाबायचा काही दिवस सराव दिला. मग काही जोड्या बदलल्या: आता या चिन्हाला हे नाही, ते बटण. पुरेसा वेळ मिळाला तर लोक नवं बटण बरोबर दाबत. पण उत्तर लवकर द्यायला भाग पाडलं, की त्याच लोकांचं बोट जुन्या बटणावर जाई. सवय पुसली गेली नव्हती. ती आधी तयार होत होती, नवं उत्तर मागून येत होतं, आणि वेळ असेल तरच ते जुन्याला अडवू शकत होतं. मला वाटतं, गाईल शिकणाऱ्याची सगळी दैना या प्रयोगात आहे. ट्रेनिंग मोडमध्ये तो गाईल असतो. सामना रंगला की रियू होतो.

इथून अमेरिकेत गेलेले लोक पहिले काही दिवस वळताना सिग्नलऐवजी वायपर चालू करतात, तोच हा प्रकार. कोणती दांडी कशाची हे त्यांना माहीत असतं. चौकात मागची गाडी हॉर्न वाजवू लागली की माहिती मागे पडते आणि हात पुढे जातो.

यावर खेळाडूंचा ठरलेला उपाय म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये एकच कॉम्बो, म्हणजे जोडून मारायच्या फटक्यांची मालिका, घोटत बसणं. त्याचा उपयोग होतो, पण वाटतो तितका नाही. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांचा 1979 चा प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखा आहे. हाताने लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायच्या, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने आधी पहिला क्रम घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम सरमिसळ करून दिले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता. दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा दुसरा गट पुढे होता, विशेषतः चाचणीतही क्रम सरमिसळ आले तेव्हा. सामना तर सरमिसळच असतो. सोनिक बूम पन्नास वेळा ओळीने निघाला याचा आनंद खरा असतो, पण सामन्यात तो पन्नास वेगवेगळ्या प्रसंगांतून काढायचा असतो. म्हणून ट्रेनिंग मोडमधल्या सरावाच्या पुतळ्याला कधी उडी, कधी पकडून फेकणं, कधी नुसतं उभं राहणं असं आलटून पालटून करायला लावावं. ती सोय खेळातच असते. फार कमी लोक वापरतात, कारण त्यात आपण वाईट दिसतो.

एकाच बैठकीत दोन फायटर घोटण्याबद्दल मात्र जपून बोलायला हवं. 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हाताची एक हालचाल शिकल्यावर लगेच तिच्या विरुद्ध जाणारी दुसरी शिकवली, तर पहिली बिघडली, मध्ये चार तास गेले तर ती टिकली. पुढच्या प्रयोगांत हा निकाल दर वेळी इतका स्वच्छ आला नाही. तरी अर्धा तास रियू, अर्धा तास गाईल, पुन्हा रियू असं करणाऱ्याचा गोंधळ पाहिला, की त्यात काही तरी तथ्य असावं असं वाटतं.

रियूच्या खेळाडूचं सगळंच भांडवल बुडालेलं नसतं. समोरचा किती अंतरावरून काय करू शकतो, घाबरला की काय करतो, दोनदा मार खाल्ल्यावर तिसऱ्यांदा काय करेल, हे ज्ञान बोटांत नसतं आणि ते फायटर बदलला तरी सोबत येतं. जपानचा नावाजलेला खेळाडू दायगो उमेहारा याचं उदाहरण घ्या. 2004 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या इव्हो या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत त्याच्या केनचा जीव काठावर होता. समोर जस्टिन वाँग या अमेरिकन खेळाडूची फायटर चुन-ली. तिने सुपर मूव्ह सोडली, 15 फटक्यांची. अशी मूव्ह ब्लॉक केली तरी थोडी इजा होतेच, त्यामुळे नुसतं ब्लॉक करूनही केन मेला असता. दायगोने प्रत्येक फटका पॅरी केला, म्हणजे फटका लागायच्या क्षणी स्टिक पुढे मारून परतवला. त्यातला पहिला तर बघून परतवण्याइतका वेळच नव्हता. वाँग हीच मूव्ह सोडणार हे त्याने आधीच ओळखलेलं होतं. अनेक वर्षं ज्याची ओळख रियूशी जोडलेली होती, त्याच दायगोने पुढे स्ट्रीट फायटर 5 मध्ये गाईल घेतला. समोरच्याला वाचण्याची ही ताकद त्याला नव्याने कमवावी लागली नाही.

2023 मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर 6 ने बोटांचा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. त्यातले ‘मॉडर्न’ कंट्रोल निवडले तर स्टिकची कसरत टळते: एक दिशा, एक बटण, आणि शोर्युकेन निघतं. जुने खेळाडू नाकं मुरडतात. पण या सोयीमुळे एक गोष्ट उघडी पडली. मूव्ह एका बटणावर आली तरी ती कधी काढायची हा निर्णय शिकावाच लागतो, आणि नवा माणूस शोर्युकेन हाताशी असूनही समोरच्याच्या उडीकडे पाहत राहतो. शिवाय असं सोप्या बटणाने काढलेलं शोर्युकेन 20 टक्के कमी इजा करतं. बोटांच्या मेहनतीला कॅपकॉमने लावलेला हा भाव मला तरी थोडा जास्तच वाटतो.