कोकणात पाण्याला तोटा नाही म्हणे!

आमच्या सांगलीत रिटायर होणारा प्रत्येक दुसरा माणूस म्हणतो, रत्नागिरीकडं समुद्राजवळ दोन गुंठे घेऊ, तिकडं काय पाऊसच पाऊस, पाण्याचं टेन्शन नाही. जत-आटपाडीचा टँकर बघत मोठं झालेल्या माणसाला तसं वाटणारच म्हणा.

पाऊस खराय, सांगलीच्या पाच-सहा पट पडतो, ३००० मिलीमीटरच्या वर. पण ते पाणी जमिनीत थांबत नाही ना भाऊ! खाली जांभा दगड, नुसता भोकाभोकाचा, त्यात उताराची जमीन आणि नद्या एवढ्याशा लांबीच्या, त्यामुळं जुलैत काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळाला जाते, बादली दगडावर खणकन आपटते आणि वर येतो अर्धा तांब्या गढूळ पाणी. मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकरच लागतो, आपल्यासारखाच.

मग बोअर मारू म्हणतात. किनाऱ्याला लागून जास्त उपसा केला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, मग चहासुद्धा मचूळ. बेटावर तर विचारूच नका, तिथं गोडं पाणी खाऱ्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं.

त्यामुळं प्लॉट बघायला डिसेंबरात फिरायला गेल्यासारखं जाऊ नका, मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा, शेजारच्या विहिरीत वाकून बघा, आणि एजंटला नाही तर धुणं धुणाऱ्या काकूंना विचारा पाणी कुठनं आणता. आणि हो, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं घालणारा नियम लागतो, ते वेगळंच.